हळदी झिलई

माघातली सकाळ होती. बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकायला तिनं हात उचलला, तर मनगट वर आलंच नाही. पंजा नुसता खाली लोंबत राहिला आणि भाकरी घसरून राखेत पडली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट वर धरलं, सोडलं, तर ते पुन्हा खाली.

"अवो," तिनं हाक मारली, "जरा आत या."

चिमाजी पडवीत गवताच्या काडात भांडी गुंडाळत बसला होता. वीस भांडी मुंबईला जायची होती. हातातला वाडगा खाली ठेवून तो आत आला. बायकोचा तो मेल्यासारखा लोंबणारा पंजा बघून तो तिच्याजवळ खाली बसला.

"दुकतंय का?"

"दुकत न्हाई. तेच तर. काईच वाटत न्हाई."

चिमाजी भोरच्या कुंभारआळीतला. आजा-पणजा रांजण, मडकी, चुली करत आलेले. याला मात्र तरुणपणी संस्थानाकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि मुंबईत तीन वर्षं मातीकाम शिकायला मिळालं. मडक्याला काचेसारखी झिलई चढवता येते, भट्टीत रंग जन्माला घालता येतो, ते त्यानं तिथं पाहिलं. संस्थान विलीन झालं त्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, तो परत आला तो हेच वेड घेऊन. नीरेच्या काठी त्यानं वेगळी भट्टी बांधली. भट्टीमागून भट्टी वाया जायची. आळीतले लोक म्हणायचे, चिमा मातीची काच करतोय, उद्या काचेची माती करील.

पाचव्या वर्षी त्याला पिवळा साधला. ओल्या हळकुंडासारखा, आत खोल उजेड असलेला पिवळा. पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेलं मुर्दाडशिंग, गारगोटीचं पीठ आणि नदीकाठची थोडी तांबडी माती, एवढंच त्यात होतं. पण नुसतं साहित्य असून भागत नव्हतं. झिलई भांड्यावर सारखी बसायला हवी, कुठं जाड नको, कुठं पातळ नको. चिमाजीच्या हातून ते जमेना. बनाबाईच्या हातून पहिल्याच दिवशी जमलं. ती मुर्दाडशिंग जात्यावर दळायची, पाण्यात कालवायची, कोपरापर्यंत हात घालून ढवळायची आणि त्याच तळव्यानं भांडं आतून-बाहेरून सारवायची. घर सारवावं तसं, एका दमात. चाक त्याचं आणि झिलई तिची. बुडाला मात्र तो 'चि' एवढंच कोरायचा. ते तिला खटकलं असेल तर ती कधी बोलली नाही.

शिवरे गावचे मानसिंगराव मुंबईत फर्निचर करत. स्वतः कागदावर आखायचे आणि सुतारांकडून बनवून घ्यायचे. सागाच्या बारीक पायांच्या खुर्च्या, वेताच्या पाठी, लांबट बुटकी कपाटं. श्रीमंत लोक त्यांच्याकडे रांगा लावत. गावी आले असताना त्यांनी चिमाजीचा पिवळा वाडगा पाहिला आणि तसाच उचलून नेला. चोपन्न साली मुंबईच्या प्रदर्शनात त्यांनी तो एका काळसर कपाटावर एकटाच ठेवला. लोक कपाट सोडून वाडगाच बघत राहिले, असं त्यांनी स्वतः हसत सांगितलं होतं. तेव्हापासून मुंबईच्या हौशी संग्रहकांत 'भोरचा हळदी' असं नाव पडलं. चिमाजीच्या भट्टीतून भांडी निघायची आणि मानसिंगराव ती घेऊन जायचे.

त्याच दिवसांत बनाबाईच्या पोटात कळा यायला लागल्या. जेवण जाईना. तोंडाला सारखी गोडसर-लोखंडी चव. पंचावन्न साली पाचव्या महिन्यात पोट पडलं, छप्पन्न साली चौथ्यात. आळीतल्या बायका म्हणाल्या, नवस फेडायचा राहिलाय. नवस फेडला. कुणी म्हणालं, नदीकाठची भट्टी बाईला बाधली. तेव्हा भट्टीला नारळ फोडला. बनाबाई दिवसेंदिवस भांड्याच्या कच्च्या मातीसारखी फिकट होत गेली, पण कामावरून उठली नाही. काम करताना कळा विसरायला होतं, म्हणायची. आणि आता हा हात.

चिमाजीनं तिला आधी हाडवैद्याकडे नेलं. त्यानं तेल लावून मनगट बांबूच्या पट्टीत बांधलं. पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तर पंजा तसाच, आणि डाव्या हाताची बोटंही आता नीट सरळ होईनात. बनाबाईला स्वतःच्या केसांची गाठ मारता येईना. चिमाजी तिची वेणी घालायला बसला. कुंभाराची बोटं ती, मातीला हवा तो घाट देणारी, पण केसांच्या तीन पेडांत अडकून बसली. ती भिंतीकडे तोंड करून गप्प रडत होती, आणि तो मागे बसून तिला समजू न देता रडत होता.

शेवटी तो तिला बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर नुकतेच पुण्याहून येऊन राहिलेले, उतारवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी हात पाहिला, पोट दाबलं, पडलेल्या दोन पोटांचंही विचारून घेतलं, मग म्हणाले, "तोंड उघडा." खालचा ओठ त्यांनी अंगठ्यानं खाली ओढला आणि चिमाजीला जवळ बोलावलं.

"ही रेघ दिसते?"

दातांलगत हिरडीच्या कडेला शाईनं ओढावी तशी निळी-काळी रेघ होती.

"पुण्यात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे हात असे पडलेले मी पाहिलेत," डॉक्टर म्हणाले. "ते शिशात काम करतात. ह्यांचा शिशाशी काय संबंध?"

"शिशाशी? काई न्हाई, डॉक्टरसायेब. आमी कुंभार."

"मडक्याला काय लावता?"

चिमाजीनं सांगितलं. मुर्दाडशिंग हा शब्द ऐकताच डॉक्टरांनी बनाबाईचा ओठ सोडला.

"मुर्दाडशिंग म्हणजे शिसंच. दुसरं काय? किती वर्षं?"

"चार."

"दळतं कोण?"

"मीच," बनाबाई म्हणाली. "दळती मी, कालवती मी, लावती बी मीच."

डॉक्टर चिमाजीकडे न बघता म्हणाले, "त्याची पूड नाकातोंडात गेली. त्याच हातानं भाकरी खाल्ली. ती दोन पोरं त्यानंच गेली असणार. आजपासून त्या मातीला हात लावायचा नाही. हात कदाचित परत येईल. वर्ष लागेल, दोन लागतील. खात्री देत नाही."

चिमाजी तिथल्या बाकावर बसला. मग त्यानं विचारलं, "आन त्या भांड्यात कुणी खाल्लं तर?"

"कोरडं ठेवलं तर फारसं काही नाही. पण आंबट काही ठेवलं, ताक, चिंच, लोणचं, तर ते झिलईतलं शिसं ओढून घेतं. लहान मूल असेल तर फारच वाईट."

बनाबाईनं चिमाजीकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच नाव आलं होतं. सारजाबाई.

सारजाबाई हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातली म्हातारी. दर बाजाराला लोणी घेऊन भोरला यायची आणि कुंभारआळीत चिमाजीच्या पडवीत टेकायची. बनाबाईचं दुसरं पोट पडलं तेव्हा आठ दिवस तीच येऊन राहिली होती. त्या दिवाळीला तिनं बनाबाईला स्वतः विणवून घेतलेलं घोंगडं आणलं, आणि बनाबाईनं तिला भट्टीतली सगळ्यात देखणी पिवळी बरणी दिली. ताकाला.

चिमाजी दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाला. वरंध्याकडं जाणारी एकच गाडी, तीही त्या दिवशी आली नाही. तो चालत निघाला. उन्हं कलली तेव्हा तो नाचणीच्या मोकळ्या खाचरांतून वर वाड्यावर पोचला. दारात सारजाबाई शेळीच्या करडाला धरून बसली होती.

"अगं बया, चिमाजी! बनी बरी हाय न्हवं?"

"न्हाई, आजी. हात गेलाय तिचा." तो दम खात उभा राहिला. "आजी, ती बरणी कुठं हाय?"

"हाय की आत. का रं?"

तेवढ्यात आतून सारजाबाईची सून आली. तिच्या कडेवर साडेतीन वर्षांची चंद्रा होती. दिवाळीत ही पोर आजीबरोबर बाजाराला आली होती. तेव्हा ती चिमाजीच्या पडवीभर धावली होती, मडक्यांवर टिचक्या मारत प्रत्येकाचा आवाज ऐकत होती. आता तिची मान आईच्या खांद्यावर पडलेली होती आणि डोळे कुठंच बघत नव्हते.

"हिला काय झालं?"

"पुसात झटकं आलं," सारजाबाई म्हणाली. "लई आलं. आदी पोट दुकायचं, खायाची न्हाई. नुसतं ताक मागायची. तुझ्या बरणीतलंच पायजे, दुसऱ्या गाडग्यातलं चालायचं न्हाई. पिवळं ताक म्हनायची त्याला. झटकं थांबलं, पर तवापासून बोलंना झालीया. देवरुषी केला, बकरं दिलं. आता काय करावं?"

चिमाजी खाली बसला. त्याला वाटलं, उठावं आणि बोलल्यावाचून चालू लागावं. बरणीला तडा गेलाय, दुसरी देतो, असं सांगूनही ती मागून घेता आली असती. वाटेत त्यानं तशी वाक्यं जुळवलीही होती.

"आजी, त्या बरणीत इख हाय."

"काय म्हनतोस?"

"माज्या झिलईत शिसं हाय. ताकानं ते सुटतंय. बनीचा हात त्येनंच गेला. हिला बी त्येनंच झालंय. डॉक्टरांनी काल सांगितलं."

सारजाबाईचा हात करडाच्या पाठीवर तसाच राहिला. सुनेला आधी समजलं. तिनं पोरीला इतकं घट्ट धरलं की पोर कण्हली.

"तुला ठावं होतं?" सारजाबाईनं विचारलं.

"न्हाई. बनीची आन."

बिरू, पोरीचा बाप, कुंपणाजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. काठी टाकून तो आला आणि चिमाजीच्या सदऱ्याला धरून त्यानं त्याला उभा केला. चिमाजीनं हात वर केला नाही. दोन तडाखे बसले. तिसऱ्याला सारजाबाई मध्ये पडली.

"सोड त्याला. त्येची बायकू बी त्यातच गावलीया. त्यो पळून गेला न्हाई, सांगाय आलाय."

"सांगून काय उपेग, आई? पोरगी बोलती का आता?"

सारजाबाई आत गेली, बरणी घेऊन आली. ताक तिनं लांब, जिथं जनावर तोंड घालणार नाही अशा खडकावर ओतलं. रिकामी बरणी चिमाजीच्या हातात दिली.

"तूच फोड. पर माज्या दारात नको."

रात्र वाड्यावरच काढून सकाळी सगळे खाली उतरले. बिरूनं पोरीला खांद्यावर घेतलं होतं. अख्ख्या वाटेत तो चिमाजीच्या दहा पावलं पुढं चालला. भोरच्या डॉक्टरांनी पोरीला बराच वेळ तपासलं. पोट बरं होईल, खायला लागेल, म्हणाले. बोलण्याचं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

निघताना सारजाबाई चिमाजीच्या पडवीत टेकली नाही. रस्त्यातूनच म्हणाली, "बनीला जप," आणि गेली.

चिमाजीनं ती बरणी अंगणात आपटली. मग काडात गुंडाळलेल्या वीस भांड्यांपैकी एक उचललं.

"ते न्हाई," बनाबाई म्हणाली.

ती उंबऱ्यात उभी होती, दोन्ही पंजे पोटाशी धरून.

"बने, हे इख हाय."

"इख हाय ते मला ठावं. माज्या अंगात हाय." तिचा आवाज चढला. तो असा चढलेला चिमाजीनं कधी ऐकला नव्हता. "माजा हात गेला, दोन लेकरं गेली. आता ही बी फोडली तर चार वर्सं म्या केलं काय? असं सारवणं आता माज्या हातून पुन्यांदा हुनार हाय का? सांगा. हुनार हाय?"

चिमाजीनं भांडं खाली ठेवलं. ठेवणंही जमेना आणि फोडणंही जमेना. दोन दिवस ती वीस भांडी पडवीत तशीच राहिली. काडातून डोकावणारा पिवळा येणाराजाणारा थांबून बघायचा, म्हणायचा, काय रंग आहे! चिमाजीला वाटायचं, आपलंच डोकं ह्या भांड्यांवर आपटावं.

तिसऱ्या दिवशी मानसिंगराव मोटार घेऊन आले. त्यांनी बनाबाईचे हात पाहिले आणि ते खरंच हादरले. मुंबईला आणा, मोठ्या डॉक्टरांना दाखवू, म्हणाले. चिमाजीनं सगळं सांगितल्यावर ते खाटेवर बसून राहिले.

"झिलई बंद करतोस ते बरोबरच आहे," ते म्हणाले. "पण झालेली भांडी का अडवतोस? माझे लोक त्यात ताक नाही ठेवत, चिमाजी. कपाटावर ठेवतात. बघायला."

"खात्रीनं सांगता, रावसायेब? आजवर नेली त्यांतल्या एकात बी कुनी चटणी ठेवली नसंल? कुनाच्या घरात पोर नसंल?"

मानसिंगरावांनी एक भांडं उचलून आत डोकावून पाहिलं.

बनाबाई आतून म्हणाली, "बुडाला भोक पाडा."

दोघंही वळले.

"भोक पाडलं म्हंजे कुनी ताक वतणार न्हाई, लोणचं घालणार न्हाई. बघायचं असंल तर बघा म्हनावं."

"अहो बाई, भोक पडलेलं भांडं कोण घेणार?" मानसिंगराव म्हणाले. "ते सगळं अखंड आहे म्हणून तर लोक जीव टाकतात. भोक पाडलं की ते फुटकंच."

"मंग नगा घिऊ."

मानसिंगरावांनी खूप समजावलं. ह्या खेपेचं प्रदर्शन मोठं आहे, परदेशातले लोक येणार आहेत, चिमाजीचं नाव कायमचं होईल. चिमाजी ऐकत होता. मुंबईत शिकत असताना तो संग्रहालयातल्या काचेमागच्या भांड्यांपुढं तासन्‌तास उभा राहायचा, कुणाची तरी बोटं शेकडो वर्षांनी दिसतात ह्याचं त्याला नवल वाटायचं. तसं आपलं एखादं असावं, हेच तर त्याचं स्वप्न होतं. ते आता मोटारीत बसून दारातून जायला तयार होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"बाई म्हनत्यात तसंच," तो म्हणाला.

मानसिंगराव उठले. रागावले नव्हते, पण दुखावले होते. "तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले आणि मोकळी मोटार घेऊन गेले.

शेजारच्या सुताराकडून चिमाजीनं दोरीनं फिरवून भोक पाडायचा सामता आणला. भांडं पालथं घालायचं, बुडावर पाणी आणि बारीक वाळू घालायची आणि हळूहळू सामता फिरवायचा. बनाबाई पायांत भांडं घट्ट धरून बसायची. एकेका भोकाला अर्धा दिवस जायचा. 'चि' जिथं कोरला होता, बरोबर तिथंच तो सामता टेकवायचा. मधेच टिच्च आवाज व्हायचा आणि तडा काठापर्यंत पळायचा. तडा गेलेलं भांडं बनाबाई मांडीवर तसंच धरून ठेवायची, मग बाजूला सारून म्हणायची, "दुसरं घ्या." विसांतली अकरा टिकली. ती त्यांनी फळीवर मांडली. आळीतली माणसं ती बघायला येईनाशी झाली होती. ह्याच्या भांड्यांत विष असतं, एवढं भोरभर झालं होतं. साधी मडकीही कुणी घेईना.

मुंबईला गेलेल्या भांड्यांचे पत्ते मानसिंगरावांनी, मागितल्यावर, पाठवून दिले. चिमाजीनं एकेका घराला कार्ड लिहिलं: ह्या भांड्यात खाऊ-पिऊ नये, पोरांना देऊ नये, परत पाठवलं तर बुडाला भोक पाडून देईन. छत्तीस कार्डं गेली, चार उत्तरं आली. त्यांतल्या एका बाईंनी वाडगा परत पाठवला. त्याच्या आत कोकमाचा तांबडा डाग होता. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नव्हती. चिमाजी तो डाग किती दिवस घासत बसला होता. त्या घरात कोण होतं, कुणी काय खाल्लं, हे त्याला कधीच कळलं नाही. आणि राहिलेल्या बत्तीस घरांचंही.

पुढं त्यानं टाकणखार घालून बिनशिशाची झिलई करून पाहिली. तीन वर्षं. भट्टीतून भांडी निघायची ती फोड आलेली, खरूज झाल्यासारखी. एकदाच, साठ साली, करडी, जरा मातकट, पण सारखी बसलेली झिलई मिळाली. मानसिंगरावांना एक भांडं पाठवलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, चांगलं आहे, पण लोक हळदीच मागतात. चिमाजीनं पत्र घडी करून ठेवलं आणि कौलांचे साचे काढले. घरावर घालायच्या कौलांना कुणी भीत नव्हतं.

बनाबाईचं डावं मनगट तोवर पुरतं उचलायला लागलं होतं. उजव्याची बोटं अर्धी उघडायची. भाकरी थापता येत नव्हती, पण ओल्या कौलाची कड बोटानं पुसून घ्यायला ती बसायची, आणि तिनं पुसलेलं कौल लगेच ओळखू यायचं.

त्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी सारजाबाई दिसली. तीन वर्षांनी. लोण्याचं गाडगं डोक्यावर घेऊन ती पडवीपुढं थांबली. चिमाजी उठून उभा राहिला. त्याला काय विचारावं ते कळेना.

"चंद्री चालतीया," सारजाबाईच म्हणाली. "करडांच्या मागं फिरती. बोलत न्हाई." तिनं गाडगं खाली उतरवलं. "बनी आत हाय का?"

"हाय," चिमाजी म्हणाला. सारजाबाई त्याच्या अंगावरून आत गेली. तो बाहेरच उभा राहिला. आत पाट सरकवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी रडायला लागलं. कोण, ते त्याला ओळखू आलं नाही.